चरबी आत आली, बाहेर पडलीच नाही

सकाळी साडेदहाला एंडोस्कोपीतून बायोप्सीचे सहा तुकडे आले. चार ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या, दुसऱ्या भागातले, दोन त्याच्या तोंडाशी असलेल्या बल्बमधले. नऊ महिन्यांचं बाळ, वजन ५.४ किलो. फॉर्मवर निदानाच्या जागी ‘सिलिअ‍ॅक?’ असं लिहिलेलं. खाली एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांची एक ओळ होती: अस्तर पांढरं दिसतंय, पिठाचा हात फिरवल्यासारखं.

त्याच फॉर्मवर आणखी तीन गोष्टी होत्या. पातळ, तेलकट शी दीड महिन्याचा असल्यापासून. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, नॉर्मल १च्या आसपास) १.९, व्हिटॅमिन के टोचल्यावर दुसऱ्या दिवशी १.१. शेवटचं दूध रात्री दोनला. पॅथॉलॉजीत फॉर्म नीट वाचणं हे अर्धं काम असतं, आणि हा फॉर्म भरणाऱ्याने मनापासून भरला होता. सिलिअ‍ॅक गव्हातल्या ग्लुटेनने होतो. दीड महिन्याच्या बाळाच्या पोटात गहू गेलेलाच नसतो. के टोचल्यावर आयएनआर सुधारला, म्हणजे यकृत ठीक होतं. के तोंडावाटे घेतल्यावर आत शिरत नव्हतं. के हे चरबीत विरघळणारं व्हिटॅमिन. मग चरबी नेमकी कुठे अडत होती?

तुकडे फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊतक टिकवणाऱ्या द्रवात, होते आणि संध्याकाळी सहाला प्रोसेसरमध्ये जाणार होते. तिथे अल्कोहोल, मग झायलीन, मग पॅराफिन. अल्कोहोल आणि झायलीन चरबी धुऊन काढतात. दुसऱ्या दिवशीच्या स्लाइडवर पेशींत नुसती रिकामी भोकं दिसली असती, आणि भोकात चरबी होती, पाणी होतं की ग्लायकोजेन, हे भोकावरून कळत नाही. फॉर्मलिन मात्र चरबीला हात लावत नाही. म्हणून दुसऱ्या भागातला एक तुकडा कॅसेटमधून बाजूला काढला.

दुपारी तो पाण्यात धुतला, टिपकागदावर टिपला (पाणी राहिलं तर बर्फाचे कण ऊतक फाडतात) आणि क्रायोस्टॅट या गोठवून काप घेणाऱ्या यंत्रात उणे २५ अंशांवर १० मायक्रॉनचे काप घेतले. फॉर्मलिनमधल्या ऊतकाचे काप साध्या काचेवरून सुटतात, म्हणून कोटिंग केलेल्या स्लाइड घेतल्या. चरबीला लाल रंगवणाऱ्या ऑइल रेड ओमध्ये १५ मिनिटं, ६० टक्के आयसोप्रोपॅनॉलची एक बुडी, केंद्रकं निळी करणारं हिमॅटॉक्सिलिन जेमतेम अर्धा मिनिट. वर ग्लिसरीन जेली. सवयीने डीपीएक्स हा नेहमीचा चिकटवणारा पदार्थ लावला तर त्यातलं झायलीन शेवटच्या पायरीवर सगळं घालवतं. हे मी एकदा नव्हे, बऱ्याच प्रयोगशाळांत पाहिलं आहे.

स्लाइड लावली. अस्तराचे बोटांसारखे उंचवटे, म्हणजे व्हिलाय, उंच आणि शाबूत होते. सिलिअ‍ॅकमध्ये ते सपाट होतात. पण त्यांच्या शेंड्याकडच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत लालभडक थेंब गच्च भरलेले. तळाच्या क्रिप्ट, म्हणजे व्हिलायच्या बुडाशी असलेले खळगे, स्वच्छ. तिथल्या पेशी अजून शोषणाच्या कामाला लागलेल्या नसतात. आणि व्हिलसच्या मधोमध जी लसिका वाहिनी असते, लॅक्टियल, तिच्यात लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

या चित्राचा अर्थ लावायचा तर चरबीची वाट डोळ्यांपुढे हवी. दुधातली चरबी ड्युओडेनममध्ये आली की अस्तरातल्या काही पेशी कोलेसिस्टोकायनिन सोडतात, पित्ताशय आकसतं, स्वादुपिंड लिपेझ ओततं. लिपेझ ट्रायग्लिसराइडचे तुकडे करतं: दोन सुटी फॅटी आम्लं आणि एक मोनोग्लिसराइड. पित्तक्षार त्यांना मायसेल नावाच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून अस्तरालगतच्या साचलेल्या पाण्याच्या थरापार नेतात. तिथे मायसेल उसवतं, चरबीचे तुकडे पेशीत शिरतात आणि पित्तक्षार लहान आतड्याच्या टोकाशी परत शोषले जातात. पेशीच्या आत ते तुकडे जोडून पुन्हा ट्रायग्लिसराइड बनतं. इथपर्यंत या बाळात सगळं सुरळीत होतं, कारण लाल थेंब म्हणजे तयार झालेलं ट्रायग्लिसराइडच. लिपेझ किंवा पित्त कमी असतं तर चरबी पेशीत आलीच नसती, शीतून वाहून गेली असती.

पुढची पायरी बांधणीची. ट्रायग्लिसराइड पाण्यात विरघळत नाही. त्याला अपोबी-४८ या प्रथिनाभोवती रचून कायलोमायक्रॉन बनवावा लागतो. अपोबी तयार होत असतानाच एमटीपी नावाचं प्रथिन त्यावर चरबी चढवतं. चरबी चढली नाही तर अपोबी पेशीतच मोडलं जातं. तयार कायलोमायक्रॉन गॉल्जी या पेशीतल्या पाठवणीच्या भागातून पेशीच्या तळाशी बाहेर पडतो. केशवाहिनीच्या भिंतीतून जाण्याइतका तो लहान नसतो, म्हणून लॅक्टियलमध्ये शिरतो, आणि तिथून थोरॅसिक डक्टमार्गे मानेच्या डाव्या बाजूला शिरेत येतो. या बाळात माल गोदामात पडून होता आणि गाडीच बांधली जात नव्हती.

एक खबरदारी घ्यावीच लागते. दूध प्यायल्यावर निरोगी बाळाच्या पेशींतही असे थेंब दिसतात, पण ते काही तासांत रिकामे होतात. इथे शेवटच्या दुधाला सुमारे आठ तास उलटले होते, तरी पेशी भरलेल्या. फॉर्मवर ती वेळ नसती तर मला एवढ्या ठामपणे बोलता आलं नसतं.

तोवर हिमॅटॉलॉजीतल्या तंत्रज्ञाला स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, पुन्हा बघायला सांगितलं होतं. तो म्हणाला, “मॅडम, पेशी काटेरी आहेत, पण रक्त कालचं आहे.” त्याची शंका रास्त होती. ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात जुन्या झालेल्या रक्तात तांबड्या पेशींना आखूड, एकसारखे, वीस-तीस काटे येतात. तो नळीतला दोष. बोटातून ताजा थेंब घेऊन लगेच स्मिअर केला. काटे तसेच होते, पण मोजके, लहानमोठे, वेडेवाकडे, आणि पेशीच्या मधला फिकटपणा गेलेला: अकॅन्थोसाइट. अशा पेशींची चळत लागत नाही, म्हणून ईएसआर, म्हणजे तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात ते, १ मिलिमीटर.

बायोकेमिस्ट्रीच्या फ्रिजमध्ये आदल्या संध्याकाळचं, दूध पाजल्यानंतर दीड तासाने घेतलेलं सीरम होतं. अशा सीरममध्ये एरवी गढूळपणा दिसतो, कधी वर सायीचा पातळ थर. हे पाण्यासारखं नितळ होतं. नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही, म्हणून वॉर्डला फोन करून तपासण्या वाढवल्या. कोलेस्टेरॉल २९, ट्रायग्लिसराइड ६, अपोबीवरच बांधलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल यंत्राला मोजता येईना.

अबीटालिपोप्रोटीनेमिया, म्हणजे एमटीपी नसल्याने अपोबीवर चरबी चढतच नाही असा आनुवंशिक आजार. काटेरी पेशी आणि डोळ्यांच्या पडद्याचा आजार एकत्र असलेली रुग्ण बॅसन आणि कॉर्नझ्वाइग यांनी १९५० मध्ये नोंदवली; आतड्यात एमटीपी नसतं हे १९९२ मध्ये कळलं. आईवडिलांचं लिपिड प्रोफाइल बघणं मात्र राहिलं होतं. अपोबीच्या जीनमधला दोष असता तर दोघांचंही एलडीएल निम्म्यावर असतं. दोघांचं नॉर्मल निघालं. ते आते-मामे भावंडं होती. एमटीपीच्या जीनमधला दोष दोन्हीकडून आल्याचं पुढे जनुकीय तपासणीत दिसलं. कायलोमायक्रॉन रिटेन्शन (बनलेला कायलोमायक्रॉन पेशीबाहेर पडत नाही) हा जवळचा आजार आतड्यात असाच दिसतो, पण त्यात उपाशीपोटीचं ट्रायग्लिसराइड इतकं खाली जात नाही.

वजन वाढेना म्हणून आजी मऊ भातावर तुपाची धार वाढवत होती, आणि धार वाढली की शी वाढत होती. त्या माउलीची काही चूक नव्हती; एरवी अशक्त बाळाला हेच द्यायचं असतं. आहारतज्ज्ञांनी साय काढलेलं दूध, फोडणीशिवाय मुगाचं वरण, भाताची पेज ठरवली. आवश्यक फॅटी आम्लांसाठी करडईचं तेल दिवसाला फक्त एक छोटा चमचा. मध्यम साखळीची चरबी कायलोमायक्रॉनशिवाय थेट यकृताकडे जाते, म्हणून तिचा मोह होतो, पण या आजारात यकृतात फायब्रोसिस झाल्याच्या नोंदी आहेत, ती टाळली. व्हिटॅमिन ई दर किलोला दिवसाला १०० युनिट, म्हणजे ५४० युनिट. या वयाला एरवी ७-८ युनिट पुरतात. एवढं देऊनही रक्तातली पातळी कमीच राहते, कारण त्याची मुख्य वाट बंद असते. थोडं एचडीएल या अपोबीशिवाय बनणाऱ्या कणांच्या आडवाटेने जातं. पण मज्जातंतू आणि डोळे वाचवायला तेवढंच हाताशी आहे, आणि ते पहिल्या वर्षात सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग होतो. व्हिटॅमिन ए मात्र पातळी मोजत द्यायचं, जास्त झालं तर ते विषारी.

सहा महिन्यांनी बाळाचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, आला. वजन ८.३ किलो, गुडघ्याचे रिफ्लेक्स शाबूत, शी दिवसातून दोनदा. स्मिअरवर काटे तसेच होते, ईएसआर १.