बोटीवरची फॉर्मल नाइट आणि रावपुऱ्यातला काळा कोट

लिफ्टचं दार उघडलं तर आत एक गृहस्थ उभे होते. ओली हाफपँट, खांद्यावर बोटीचा निळा टॉवेल, पायात स्लीपर. मी आत शिरलो. माझ्या अंगात काळा डिनर कोट, त्याला सॅटिनची कॉलर, गळ्यात बो, कमरेला चुण्यांचा काळा पट्टा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "भाईसाब, जैन खाना किधर मिलेगा?"

मी गुजरातीत उत्तर दिलं की मला माहीत नाही, मीही जेवायलाच चाललोय. ते दचकले. "तमे स्टाफ नथी?" मग दोघंही हसलो, त्यांनी आपण सुरतचे असल्याचं सांगितलं, मी बडोद्याचा, आणि पाचव्या मजल्यापर्यंत बडोद्याच्या शेवउसळीचा विषय निघालासुद्धा. पण तेवढ्यात माझ्या पोटात जो खड्डा पडायचा तो पडला होता. आज फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायची रात्र, होती ना? मग हे असे का हिंडतायत?

मागचं सांगतो. बडोद्याच्या आमच्या घरात बोटीच्या सहलीचा विषय दोन वर्षं चालला होता. शेवटी सिंगापूरहून निघणारी पाच रात्रींची सफर ठरली: एक दिवस समुद्र, मग पेनांग, मग फुकेत, परत एक दिवस समुद्र आणि सिंगापूर. आई (वय 74), बायको, सतरा वर्षांचा मुलगा आणि मी. ट्रॅव्हलवाल्याने तिकिटांबरोबर एक सूचनांचा कागद दिला. त्यात लिहिलं होतं की दुसऱ्या रात्री फॉर्मल डिनर, पुरुषांनी टक्सिडो किंवा गडद सूट आणि टाय, अन्यथा मुख्य डायनिंग रूममध्ये प्रवेश नाही. हा कागद किती जुना आहे हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

बडोदेकराला पोशाखाचा नियम नवा नाही. आमच्याकडे नवरात्रात मोठ्या गरब्याच्या दारात स्वयंसेवक उभे असतात. पास खिशात असला तरी अंगावर केडियूं, झब्बा, चणियाचोळी नसेल तर मैदानात सोडत नाहीत, प्रेक्षकांत बसा म्हणतात. खेळायचं तेही अनवाणी. कोणाला त्यात अन्याय वाटत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा ठाऊक असतो आणि झब्बा शेजाऱ्याकडून मागून आणता येतो. त्याच भाबडेपणाने मी रावपुऱ्यात आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो.

मास्तरांनी माप घेता घेता विचारलं, "लग्न कुणाचं?" मी म्हटलं, बोटीवर जेवायला जायचंय. टेप तसाच छातीवर धरून ते थांबले. मग म्हणाले, बंदगळा शिवा, निदान पुढे लग्नात तरी चालेल. मी ऐकलं नाही. मोबाइलवर फोटो दाखवला. कोटाचं त्यांनी झकास काम केलं, बोही मिळाला, पण कमरेचा पट्टा त्यांनी आयुष्यात शिवला नव्हता. फोटो मोठा करून, चष्मा कपाळावर सरकवून, त्यांनी चार चुण्या घातल्या आणि पांढऱ्या खडूने खूण करून टाचल्या. आईने ट्रायलला तो पाहिला आणि म्हणाली, "हा तर कमरबंद!" बरोबर होतं तिचं. इंग्रजीतला 'कमरबंड' हा आपल्याकडूनच गेलेला फारसी शब्द. हिंदुस्थानातल्या उन्हात जाकिटाखालचा वेस्टकोट सोसेना, म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्याऐवजी कमरेला पट्टा गुंडाळला आणि तोच पुढे लंडनच्या जेवणावळीत जाऊन बसला.

त्या दिवसांत मी रात्री वाचत बसायचो, आणि वाचता वाचता एक गंमत कळली. ज्याला आपण अतिऔपचारिक समजतो तो डिनर जॅकेट मुळात सैलपणाचा कपडा. 1865 साली लंडनच्या सॅव्हिल रो मधल्या हेन्री पूल या शिंप्याने प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, घरगुती जेवणात घालायला आखूड कोट शिवला. खऱ्या समारंभात शेपटीचा लांब कोटच. अमेरिकेत 1886 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमध्ये तो आखूड कोट पोचला आणि त्याला गावाचंच नाव चिकटलं. म्हणजे काल ज्याला लोक 'हे काय अर्धवट' म्हणत असतील, तेच मी रावपुऱ्यात परम आदराने शिवून घेत होतो.

अहमदाबादहून रात्रीचं विमान. सामानाच्या काट्यावर चार जणांच्या बॅगा चढवल्या आणि माझ्या कोटाचं कव्हर, बूट, हँगर यांच्यापायी लीलो चेवडा आणि खाखऱ्याची दोन पाकिटं बाहेर काढावी लागली. आई काही बोलली नाही. फक्त कव्हरकडे बघितलं.

सिंगापूरला मरीना बे क्रूझ सेंटरमध्ये बॅगा दारातच घेतात, त्यांच्यावर खोलीच्या नंबरची चिठ्ठी अडकवतात आणि त्या केबिनसमोर आपोआप येतात. आपोआप म्हणजे रात्री साडेआठला. तोवर आम्ही विमानातल्याच चुरगळलेल्या टीशर्टात जेवून आलो. हेही जुन्या प्रथेचंच अवशेष आहे, हे मला नंतर उमगलं. आगबोटींच्या काळात पहिल्या आणि शेवटच्या रात्री कोणी नटूनथटून जेवायला जात नसे, कारण पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. आजही फॉर्मल रात्र बहुधा समुद्रातल्या दिवशी ठेवतात. सगळे बोटीवरच असतात, दुपारी झोप झालेली असते, इस्त्री करायला वेळ असतो.

तर दुसरी रात्र. लिफ्टमधून उतरून डायनिंग रूमच्या दारात पोचलो. बायकोने तांबडी बांधणी नेसली होती, आई जांभळ्या नारायणपेठेत, मुलगा नवरात्रातल्या झब्ब्याखाली जीन्स घालून. आत नजर टाकली तर चारशे माणसांत माझ्यासारखा पोशाख केलेले एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, आणि त्यातले दोघे खरोखर वेटर. बाकी सगळं सरमिसळ. फुलाफुलांचा शर्ट घातलेला ऑस्ट्रेलियन, रेशमी झग्यातली चिनी आजी, पोलो शर्ट, कोट पण टाय नाही, टाय पण कोट नाही.

आमच्या टेबलाचा हेड वेटर गोव्याचा निघाला. आईशी कोंकणीमिश्रित मराठीत बोलायला लागल्यावर त्याला आमचं टेबल सोडवेना. मी त्याला ट्रॅव्हलवाल्याचा कागद दाखवला. तो गालात हसला. "काका, हें आतां कोण विचारता? आम्ही पयलीं दारांत जाकिटं ठेवायचो, ज्याच्याकडे नसलं त्याला चढवून आंत सोडायचो. आतां फक्त हाफपँट, बनियन आणि टोपी अडवतों." म्हटलं, अ‍ॅपवर तर लिहिलंय की छान तयार होऊन या. "तेंच तर!" तो म्हणाला. "छान म्हणजे काय तें ज्याचं त्यानं ठरवायचं."

का बदललं, ते त्याने मासे वाढता वाढता सांगितलं. पूर्वी लोक बंदरापर्यंत गाडीने यायचे, डिकीत मोठी पेटी मावायची. आता विमानाने येतात, वजनाला पैसे पडतात. पोराबाळांची कुटुंबं वाढली, सुट्टीत टाय कोण बांधणार. शिवाय बुफे आणि दहा ठिकाणची खाणी निघाली, ज्याला नटायचं नाही तो तिकडे जातो. एक गोष्ट मात्र तशीच राहिली: जिन्यापाशी फोटोग्राफर पडदा लावून उभा. नटलेल्या माणसाचा फोटो विकला जातो.

वेगवेगळ्या कंपन्यांनी हे वेगवेगळ्या वेगाने केलं. नॉर्वेजियनने 2000 च्या सुमाराला 'फ्रीस्टाइल' काढून वेळ आणि पोशाख दोन्ही मोकळे केले. सेलिब्रिटीने 2015 च्या अखेरीस फॉर्मल रात्री बंद करून 'इव्हनिंग शिक', म्हणजे जरा सैल पण टापटीप पोशाख, आणलं. कार्निव्हल 'क्रूझ एलिगंट' म्हणते. क्युनार्ड अजून गाला रात्री पाळते, काळा-पांढरा, लाल-सोनेरी, मुखवट्यांची वगैरे, आणि तिथे डिनर जॅकेट किंवा गडद सूटबरोबर राष्ट्रीय पोशाखही रीतसर चालतो. म्हणजे तिथे बाराबंदी आणि पगडीवाला शेवटपर्यंत नियमात बसतो. मास्तरांचा बंदगळाही बसला असता.

मला बदलाचं वाईट वाटत नाही, गोंधळाचं वाटतं. 'काळा कोट' हा शब्द कोणालाही कळतो, भाड्यानेही मिळतो. 'तुमचं सर्वोत्तम' हे मात्र ज्याला ते आधीपासून येतं त्यालाच येतं. लोक कडक नियमाला श्रीमंतांचा नियम म्हणतात, पण मला उलट वाटलं. सैल नियमात चूक कुठे झाली हे कोणी सांगत नाही, नुसतं बघतात.

सांगितलं ते फक्त एकाने. आमच्या टेबलावर एक निवृत्त इंग्रज जोडपं होतं. त्याच्या अंगात पिवळसर पांढरा डिनर जॅकेट, उष्ण प्रदेशातल्या रिवाजाप्रमाणे. गोड बोलून त्याने माझ्या कमरेकडे बोट दाखवलं. चुण्या खालच्या बाजूला उघडत होत्या, त्या वर उघडायला हव्यात. जुन्या काळी त्यात नाटकाची तिकिटं खोचत म्हणे. मी बाथरूममध्ये जाऊन पट्टा उलटा केला. आता अस्तरावर लावलेला दुकानाचा शिक्का बाहेर दिसू लागला. परत तसाच लावला आणि नॅपकिन मांडीवरून जरा वर ओढून घेतला.

आई हे सगळं शांतपणे पाहत होती. मग तिने नातवाला म्हटलं, "त्यांना आपल्या महाराजांचं सांग." माझ्या मनात धस्स झालं, कारण कोणतं सांगायचं ते मला कळलं होतं. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ते सगळ्यांना पाठ असतं. 12 डिसेंबर 1911, दिल्ली दरबार, सिंहासनावर पाचवा जॉर्ज. संस्थानिकांनी भरजरी पोशाखात, दागिन्यांनी मढून यायचं, वाकून मुजरे करायचे आणि पाठ न दाखवता उलट्या पावली मागे जायचं. सयाजीराव साध्या पांढऱ्या कपड्यांत गेले, हातात काठी, एकदा मान लववली आणि सरळ वळून चालते झाले. केवढा गहजब झाला! त्याचं चित्रीकरण आजही आहे. महाराजांना पुढे व्हाइसरॉय हार्डिंजला खुलाशाचं पत्र लिहावं लागलं.

मुलाने इंग्रजीत सांगितलं, पाठ फिरवण्याचा भाग त्याने उभं राहून करूनही दाखवला. इंग्रज म्हातारा चमचा हातात धरून ऐकत राहिला. मग आईकडे वळून म्हणाला, आमच्याकडे तर आता अंत्यविधीलाही कोणी टाय घालत नाही. मुलाने भाषांतर केलं. आई म्हणाली, "मग वांधा काय आहे? माणूस आला ना?" हे भाषांतर करताना मुलगा 'वांधा'वर अडला.

पेनांग छान. बोट स्वेटनहॅम पिअरला जॉर्ज टाऊनच्या अगदी अंगाला लागते, उतरून दहा मिनिटांत आपण जुन्या गल्ल्यांत. उकाडा मात्र भरूचच्या मे महिन्यासारखा. फुकेतला आमची बोट किनाऱ्याला लागली नाही, पातोंगसमोर नांगर टाकून छोट्या बोटींतून नेलं. आईला त्यात चढवताना आणि उतरवताना जे झालं त्यावर वेगळं लिहीन.

शेवटची रात्र. बॅगा रात्री अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या, रंगीत चिठ्ठ्या लावून, म्हणजे त्या सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. मी आईला घेऊन वर डेकवर गेलो होतो, मलाक्काच्या सामुद्रधुनीत इतर जहाजांचे दिवे बघत. खाली बायकोने सगळं आवरलं. सकाळसाठी मी खुर्चीवर काढून ठेवलेली पँट-शर्टची जोडी तिला मळकी वाटली. "अहो, मला काय माहीत? तिथे पडलेली होती."

बॅगा गेल्या होत्या. अंगावर झोपायचा टीशर्ट आणि लेंगा. कपाटात एकच वस्तू उरली होती, दाराच्या मागे हँगरवर.

सकाळी आठ वाजता मी सिंगापूरला उतरलो तो टीशर्ट, शिवणीवर सॅटिनची पट्टी असलेली काळी पँट आणि चपला अशा वेशात, कोटाचं कव्हर हातावर टाकून. रांगेत सुरतचे काका पुढेच होते. इस्त्रीची पँट, आत खोचलेला शर्ट, डोक्याला तेल. माझ्याकडे वळून बघितलं, पँटच्या पट्टीवर नजर थांबली.

"हवे ड्यूटी पूरी?"