रानपिंगळा की साधा पिंगळा? मेळघाटातल्या नोंदी

यंदाच्या हंगामात ही दोन छोटी घुबडं वेगळी ओळखताना डोक्यावरच्या ठिपक्यांवर विसंबणं सोडून दिलंय. पुस्तकं तिथूनच सुरुवात करतात: साध्या पिंगळ्याचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं, रानपिंगळ्याचं जवळजवळ कोरं. खरं आहे, पण सागाच्या शेंड्यावर ऊन खात बसलेल्या पक्ष्याचा माथा खालून दिसतो कुठे?

दिसतं ते पोट, म्हणून आता दुर्बीण आधी तिथे लावतो. रानपिंगळ्याची छाती सलग गडद तपकिरी, कुशींना पट्टे आणि खाली मधोमध पोट पांढरंशुभ्र. पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, थेट विजार घातल्यासारखे. साध्या पिंगळ्याच्या पोटावर मात्र तुटक तपकिरी खुणा खालपर्यंत उतरतात. पाठमोरा असेल तर मानेमागची पांढरी कंठी बघा. साध्याला ती उठून दिसते, रानपिंगळ्याला जेमतेम. उलट रानपिंगळ्याच्या पंखा-शेपटीवरचे पट्टे रुंद आणि ठळक. भक्ष्यावर नजर असताना शेपटी डावी-उजवीकडे झटकतो, ही खूण लांबूनही कामाला येते.

‘दिवसा दिसला, म्हणजे रानपिंगळाच’ हे मात्र डोक्यातून काढा. साधा पिंगळाही भरदुपारी ढोलीच्या तोंडाशी बसलेला असतो.

या खुणांचं मोल इतिहासातही आहे. ब्रिटिश पक्षिअभ्यासक ह्यूमने 1873 मध्ये रानपिंगळ्याचं वर्णन केलं, 1884 नंतर शतकाहून अधिक काळ खात्रीची नोंदच नाही. मधे माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाने 1914 चा गुजरातचा जतन केलेला नमुना पुढे केला, तो निघाला चोरीचा! अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, जुने नमुने बारकाईने तपासले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पक्षी सापडला तो अस्सल नमुन्यांच्या जुन्या ठिकाणांचा माग काढत. माझ्या मते टेबलावरच्या अभ्यासाला यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

वेगळी प्रजाती, पण परका नव्हे: 2018 च्या जनुकीय अभ्यासात तो साध्या पिंगळ्याच्याच ‘अथीनी’ या वंशात (genus) बसला. त्याच वर्षी धोक्याची पायरी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर आली. तरी प्रौढ पक्ष्यांचा अंदाज हजाराच्या आतलाच. साधा पिंगळा गावोगावी आहे, पण अंधश्रद्धेपायी जीव दोघांचाही जातो. म्हणून घरट्याची जागा इथे लिहीत नाही, आणि रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावू नका.

पुढचं काम आवाजांचं. साध्याचा कर्कश चिरचिराट ओळखता येतो. रानपिंगळ्याची साद अजून कानात पक्की बसायची आहे.