खानोलकर ट्रेल अपडेट : कोंडुरा झाला, आरवली झाली, चानी बाकी

तर मंडळी, गूढकथावाल्या आपल्या गँगसाठी अपडेट. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या जागा बघत फिरायचं हे जे वेड घेतलंय ते बऱ्यापैकी पुढे सरकलंय. ज्यांना वाटतं की खानोलकर म्हणजे फक्त आरती प्रभू (कवितेसाठीचं त्यांचं टोपणनाव), म्हणजे फक्त 'ये रे घना', त्यांनी आधी त्यांची 'कोंडुरा' कादंबरी वाचा, रात्री एकटे असताना वाचा आणि मग बोला.

सुरुवात कुडाळपासून. कोकण रेल्वेने उतरायला सोपं, आणि त्यांच्या घरची खानावळ याच गावात होती. आता बाजार एवढा बदललाय की फार काही हाताला लागत नाही, त्यामुळे पटकन उरकलं. वेंगुर्ल्याजवळची बागलांची राई मात्र सोडू नका, १९३० साली जन्म तिथला. भर दुपारीसुद्धा झाडीत उजेड हिरवट होतो, आणि ते घर, विहीर, पाणंद, सगळं बघताना लक्षात येतं की या माणसाला काळोख मनाने रचावा लागला नसणार, तो दारातच होता.

आता मेन मुद्दा, कोंडुरा ही जागा. वेंगुर्ला तालुक्यातच, वायंगणीच्या बाजूला. वाळू छोटीशी, बाजूला काळा कातळ आणि त्यात समुद्राने कोरलेली घळ. लाट आत घुसली की आतली हवा कोंडते, दाबली जाते आणि मग जो दणका बसतो तो कानाआधी पायाला कळतो. ओहोटीला गेलात तर 'एवढंच?' म्हणून परत याल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, ते दिवस बघून जा, पण लांब उभं राहून, आणि पावसाळ्यात तर कातळावर अजिबात नको. मी पुस्तक उघडून बसलो होतो तर एक काका वरून ओरडले, "हंय खंय बसल्यात? भरती इली काय वाट ऱ्हवाची नाय!" गुपचूप वर आलो, उरलेलं तिथून वाचलं.

आणि वाचताना जाणवलं ते हे. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या गोष्टीत समर्थ नावाचं पात्र असतं, ते येतात आणि माणसाला सोडवतात, म्हणून घाबरून झाल्यावर झोप लागते. खानोलकरांकडे सोडवायला कोणी येत नाही. कादंबरीतल्या परशुरामतात्याला कोंडुऱ्याचा महापुरुष वर देतो, त्याला ब्रह्मचर्याची अट असते, आणि पुढचं सगळं वाटोळं त्या वरातूनच होतं. भूत नाहीच, माणसाची श्रद्धा आणि त्याची वासना, एवढ्यावरच अंगावर काटा. माझ्या मते मराठीत याच्याएवढं भयानक कुणी लिहिलेलं नाही, धारप-फॅन्सनी शिव्या द्यायला हरकत नाही :) श्याम बेनेगलांचा यावरचा १९७८ चा सिनेमा मी आधी बघितलेला, चांगलाच आहे, पण हिंदी-तेलुगूत काढलेला, त्यात हा समुद्र कुठून येणार.

तिथून आरवली. खरं तर हे लेखक जयवंत दळवींचं गाव, पण वाटेतच आहे आणि तिथला ग्रामदेव वेतोबा बघितल्याशिवाय खानोलकरांचा देव समजणार नाही. भलीमोठी उभी मूर्ती, आणि नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या वहाणा, त्याही आपल्या मापाच्या नाहीत, अवाढव्य! वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि वहाणा झिजतात अशी श्रद्धा. सांगणारा माणूस हे सहज सांगतो, म्हणजे आपण 'वॉचमन राउंडला गेलाय' म्हणतो ना तसं. गंमत अशी की तिथे उभं राहून मला भीती अजिबात वाटली नाही, उलट बरं वाटलं. म्हणजे देव तोच, राखणारा. खानोलकर फक्त एवढंच विचारतात की त्याने तुमच्याकडे काही मागितलं तर काय कराल. त्यांची 'रात्र काळी घागर काळी' ही कादंबरी परत वाचायला घेतलीय ती यासाठीच.

बाकी काय, त्यांच्या 'चानी' कादंबरीतल्या जागा अजून नक्की करता आल्या नाहीत, गोऱ्या साहेबाच्या अत्याचारातून जन्मलेली पोर आणि तिला छळणारं गाव, असं गाव कुठलंही असू शकतं म्हणा. पुढची फेरी कार्तिकानंतर, जत्रांच्या सीझनला, रात्रभर दशावतार बघायचा आणि सकाळी त्यांची 'अजगर' कादंबरी संपवायची असा प्लॅन आहे. कोणी येणार असेल तर आधी कळवा, वेंगुर्ल्यात राहायची सोय बघून ठेवतो, आणि मासे खाणार नसाल तर तेही सांगा कारण मग जेवणाचे वांधे आहेत.