स्कूटरमागे धावणारं पिल्लू

"डॉक्टर, याचा पाय वाकडा पडतोय. कॅल्शियमची बाटली चालू आहे, तरी कमी पडतंय का?"

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक तरुण जोडपं त्यांचा लॅब्रेडॉर घेऊन पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात आलं. साडेपाच महिन्यांचा, वजन 18 किलो. टेबलावर घेतलं तर उजवा पुढचा पंजा बाहेर वळलेला. पंजे उलटून पाहिले. गाद्या सोलवटून गुलाबी झाल्या होत्या आणि मधली दोन नखं झिजून बुडाशी आली होती. इतक्या लहान पिल्लाची अशी नखं मी कधी पाहिली नव्हती.

"फिरायला कसं नेता?"

घरी फार मस्ती करतो, सोफा फाडला, म्हणून रोज पहाटे स्कूटरवरून पट्टा धरून तीन-चार किलोमीटर पळवतो, असं नवऱ्याने सांगितलं. बायको हळूच म्हणाली, "महिन्याभरापूर्वी स्पीडब्रेकरपाशी फरपटला होता. खूप केकाटला, पण संध्याकाळी नीट चालत होता."

एक्स-रे काढला. पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या मऊ चकत्या असतात, हाड लांब होतं ते तिथूनच. मोठ्या जातींत त्या पूर्ण मिटायला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त लागतं. पुढच्या पायात दोन हाडं शेजारी शेजारी वाढतात. त्यातल्या अल्नाची मनगटाजवळची चकती चिरडली गेली होती. अशी इजा पहिल्या दिवशी एक्स-रेत बहुधा दिसतही नाही. आता अल्नाची वाढ थांबली होती, रेडियस वाढतच होतं, आणि दोरी ताणल्यावर धनुष्य वाकावं तसा पाय वाकत चालला होता.

"पण तो आपणहून धावायचा, डॉक्टर."

धावणारच. आपलं माणूस पुढे निघालं की पिल्लाला मागे राहवत नाही. पाय दुखला तरी ते धावतं.

वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं चालवा, असं बरेच जण सांगतात. त्याला शास्त्राचा भक्कम आधार नाही. मी मिनिटांपेक्षा चाल बघते. माती-गवतावर मनासारखं हुंदडणं, दमलं की बसणं, हे चांगलं. एका लयीत डांबरावर पळवणं नको. नॉर्वेत पिल्लांवर झालेला एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढ-उतार करणाऱ्यांत खुब्याचा दोष जास्त आढळला, बाहेर मोकळं बागडणाऱ्यांत कमी. सोफ्याचं म्हणाल तर या वयात दात बदलत असतात, चावायला काहीतरी द्यावंच लागतं. कॅल्शियमची बाटली मी तिथल्या तिथे बंद केली. मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम हाडांना बाधतं.

ऑपरेशन करून अल्नाचा छोटा तुकडा काढला, म्हणजे रेडियसवरचा ताण सुटला. पंजा थोडा बाहेर वळलेला राहिला, तो तसाच राहील.

दोन महिन्यांनी तपासणीला नवरा एकटाच त्याला घेऊन आला. फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली पिल्लू एकेक पान हुंगत होतं. नंबर पुकारला तरी तो पट्टा सैल सोडून उभाच होता. मी पुढच्या पेशंटला आधी आत घेतलं.