आंबोली: धबधब्याच्या पुढची

आंबोलीला निघालेल्या शंभरातल्या नव्वद गाड्या घाटातल्या धबधब्यापाशीच थांबतात. पायऱ्या चढायच्या, भिजायचं, गरम भजी आणि मक्याचं कणीस खायचं, की झाली आंबोली. जुलैतल्या रविवारी कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा अशा तिन्हीकडची माणसं त्या एका वळणावर येतात. मग दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, एसटीला वळायला जागा उरत नाही आणि घाट तुंबतो. धबधबा बघायचाच असेल तर मधल्या वारी, सकाळी आठच्या आत पोचा. बाकीचा वेळ वरच्या गावासाठी ठेवा.

या घाटाला इतकं महत्त्व आलं ते वेंगुर्ल्यामुळे. १८१२ साली वेंगुर्ला इंग्रजांच्या हाती गेलं. बंदरावर उतरलेला माल बेळगावच्या छावणीकडे चढवायचा, तर वाटेत मुक्कामाला जागा हवी. सुमारे ६९० मीटर उंचीवरची थंड आंबोली त्याला सोयीची होती, आणि पुढे गोऱ्या साहेबांचं ते हवापालटाचं ठिकाणही झालं. मग गोव्याचं मुरगाव बंदर रेल्वेने जोडलं गेलं, वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला आणि आंबोली बरीच वर्षं निवांत राहिली. आज तिथे जे जंगल दिसतं त्यात या निवांतपणाचा वाटा मोठा आहे, असं आमचं मत आहे.

पाऊस वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर. कोकणात राहणाऱ्यालाही हा आकडा अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. कावळेसादच्या दरीपाशी छत्री नेऊ नका. दरीतून वर येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं फेकतो, तिथे छत्रीच्या काड्या पहिल्या मिनिटात उलट्या होतात. टोपीवाला रेनकोट, पकड असलेले रबरी बूट आणि मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी एवढं पुरे. रेलिंगच्या पलीकडे शेवाळलेला खडक आहे. धुक्यात कडा कुठे संपतो ते दिसत नाही, म्हणून फोटोसाठी एक पाऊलही पलीकडे टाकायचं नाही.

आंबोलीचा खरा ऐवज सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर आहे. मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला वळवाच्या सरी आल्या की जांभ्याच्या कातळातल्या खळग्यांत बोटभर पाणी साचतं. तेवढ्या पाण्यात आंबोली टोड नावाचा बेडूक अंडी घालतो. अंगावर पिवळसर पट्टे, म्हणून शास्त्रीय नावातच वाघ आला: झँथोफ्राइन टायगेरिना. २००९ साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याचा विणीचा हंगाम काही दिवसांतच उरकतो. मध्येच चार दिवस पावसाने दडी मारली की खळगा आटतो आणि अंडी वाळतात. त्यातच कोणी गाडी सड्यावर घातली, तर निसर्गाने ठेवलेली थोडीशी संधीही चाकाखाली जाते. सड्यावर चालतानाही प्रत्येक डबकं वळसा घालूनच ओलांडा.

जून ते ऑगस्टमध्ये डबक्यांवर झुकलेल्या फांद्या बघा. पानांवर साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा दिसला तर ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. फेस वरून सुकून पापुद्रा धरतो, आत अंडी ओली राहतात. साधारण आठवड्याभरात बारकी पिल्लं फेसातून सुटून खालच्या पाण्यात टपकतात. म्हणजे घरटं आणि खालचं डबकं ही जोडी आहे. फोटोला अडचण होते म्हणून फांदी जरा बाजूला ओढली, तरी पिल्लं कोरड्या मातीवर पडतील. बेडकाला हात तर लावूच नका. त्याची त्वचा सगळं शोषून घेते, आणि आपल्या हाताला डास पळवायचं मलम असतं.

फांदीला आधारासाठी हात लावण्यापूर्वी टॉर्च मारा. मलबारी चापडा हा साप कमरेच्या उंचीच्या फांदीवर तासन्‌तास हलत नाही, आणि हिरवा, तपकिरी, पिवळा अशा कुठल्याही रंगाचा असू शकतो. साप विषारी आहे. दोन हात लांबून बघा.

जळवा लागणारच. मीठ किंवा तंबाखू टाकली की जळू पोटातलं जखमेत ओकते आणि मग ती जागा चिघळते. नखाने तिचं तोंड कातडीवरून बाजूला सरकवा, सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ते गोठू नये असा स्राव तिने सोडलेला असतो. घाबरू नका, धुऊन दाबून धरा.

हिरण्यकेशीला, म्हणजे त्याच नावाच्या नदीच्या उगमाला, देवळाच्या कुंडात हात-पाय धुताना साबण वापरू नका. शिस्टुरा हिरण्यकेशी हा बोटाएवढा मासा तिथला आहे. २०२० साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. ही नदी पूर्वेला घटप्रभेला मिळते, तिथून पाणी कृष्णेत जातं. समुद्र डोळ्यांना दिसण्याइतका जवळ, आणि पाणी मात्र थेट बंगालच्या उपसागराकडे निघालेलं!

गाडीबद्दल थोडं. सावंतवाडीहून अंतर सुमारे ३० किलोमीटर, पण पावसात तासाभराच्या वर धरा. धुक्यात हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून दिवे खालीच ठेवा. उतरताना दुसऱ्या गिअरवर या. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐन वळणावर पकड सोडतो. दरड आल्याची खबर सावंतवाडी स्टँडवर एसटीच्या चालकांकडे लगेच मिळते, निघण्याआधी विचारा.

बेडूक बघायचे तर गाडी मुक्कामाच्या जागीच उभी करा आणि काळोख पडल्यावर गावातल्या जाणत्या वाटाड्याबरोबर पायी निघा. पहिल्या पावसात डांबर उबदार असतं आणि बेडूक रस्त्यावरच येऊन बसतात. रात्री गाडी हलवणं भागच पडलं, तर पहिल्या गिअरमध्ये, नजर रस्त्यावर ठेवून.