बिलं हिरवी केली

पुण्याच्या ऑफिसचा दुपारचा कॉल रद्द झाला आणि मी थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममधली कॅलेंडरं आवरायला घेतली. पूर्वी त्यासाठी लाइटनिंग नावाचं ॲड-ऑन वेगळं घालावं लागायचं. 2020 च्या 78 व्या आवृत्तीपासून ते आतच आलं. तेव्हापासून ‘होम’ या एकाच कॅलेंडरात मीटिंगा, गॅसचा नंबर, पाव्हण्यांची लग्नं, सगळं एका निळ्यात कोंबलेलं.

नवं कॅलेंडर करणं सोपं. संगणकावर ठेवू की नेटवर्कवर, एवढं विचारतं, मग नाव आणि रंग. रंगापाशी अडकलो.

ऑफिसला निळाच ठेवला. बायको इथं बेळगावात सरकारी शाळेत, सुट्ट्या कर्नाटकाच्या, तिला पिवळा. सणांना भगवा, त्यात विचार कसला! बिलांना लाल दिला आणि महिन्याचं पान उघडलं, तर शाळेच्या पिवळ्याखाली बिलांचा लाल येऊन जागोजागी कानडी लाल-पिवळे झेंडे फडकायलेत. मागं बाबा उभे.

“हे काय लावलायस?”

बिलं हिरवी केली.

आईला रंग लागायचेच नाहीत. बेळगावातल्याच शहापूरच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराला एका खिळ्यावर दोन कॅलेंडरं, वर मराठी, खाली किराणावाल्यानं दिलेलं कानडी. दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. फुली म्हणजे दुधाचा खाडा, गोल म्हणजे सिलिंडर लावला, अर्धी रेघ म्हणजे अर्धा लिटर. गवळ्याशी हिशेबाला बसली की ते पानच खिळ्यावरून काढून त्याच्या पुढ्यात धरायची. कानडी आकडे मी शाळेआधी त्या खालच्या कॅलेंडरावर शिकलो.

थंडरबर्डला तिथी कळत नाही. ऑफिसची शिवजयंती 19 फेब्रुवारीला, ती ‘दरवर्षी’ म्हटलं की बसते. आमच्या गल्लीतली वैशाख शुद्ध द्वितीयेची, ती दरवर्षी हातानं हलवायची. तिच्या दुसऱ्याच दिवशी बसव जयंती, म्हणजे पिवळाही हलवायचा.

आणि 1 नोव्हेंबर. शाळेत कर्नाटक राज्योत्सव, झेंडावंदन, बायकोला सकाळीच जायचं. बाबांना 1956 पासूनचा काळा दिवस, बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं म्हणून. गुडघे गेले, पण त्या दिवसाच्या निषेधाच्या सायकल फेरीच्या आधी आठवडाभर अंगणातल्या सायकलीत हवा भरून ठेवतात. त्यांच्यासाठी वेगळं कॅलेंडर केलं, रंग काळा. वाटलं अक्षरं दिसायची नाहीत, तर ती आपली आपणच पांढरी झाली. वर्षभरात त्या कॅलेंडरात नोंद एकच.

डाव्या यादीतली खूण काढली की ते ते कॅलेंडर गायब होतं. बायकोचं काढलं. बाबांचं काढलं. 1 नोव्हेंबरच्या चौकटीत निळी पट्टी उरली, सकाळी दहा, आढावा बैठक. दोन्ही परत लावली.

आठवणीचा गजर कुणाच्या नोंदीला लावायचा, तेवढं राहिलंय. बाबा चहाला हाका मारायलेत.