६३ ची स्टिंग रे: गाडी तयार होत आली, आता इंजिनाबद्दल काय लिहायचं

मंडळी, बरेच दिवस अपडेट नव्हता कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच, नुसतं घासणं चाललं होतं. पण आता निळी कॉर्व्हेट (शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार), म्हणजे १९६३ ची स्टिंग रे कूप, बंद छपराची, बऱ्यापैकी तयार आहे आणि बर्फ संपून रस्त्यावरचं मीठ एकदा पावसाने धुऊन गेलं की विकायला काढायचीय. मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ असताना ही गाडी बाहेर काढणं म्हणजे पाप.

जे नव्याने वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. मागची काच मधोमध पट्टी घालून दोन भागांत, ती फक्त १९६३ च्या कूपला, आणि अशा कूप बनल्या १०,५९४, सगळ्या सेंट लुईसच्या कारखान्यात. जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख बिल मिचेलला ती पट्टी प्रिय होती, कॉर्व्हेटचा इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्हला मागचं काही दिसत नाही म्हणून तिचा राग होता, आणि १९६४ ला ती गेलीच. गंमत म्हणजे त्या काळात कितीतरी मालकांनी हौसेने पट्टी कापून ६४ ची अखंड काच बसवून घेतली, आज त्यांच्या गाड्यांना परत पट्टी लावायला लोक पैसे मोजतायत. आपल्या गाडीची पट्टी कोणी कापलेली नाही, आतलं अस्तर काढून नीट बघितलंय.

बॉडी फायबरग्लासची, त्यामुळे 'हिला गंज नाही' असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. फायबरग्लासच्या आत दारं, छप्पर आणि पुढची काच धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा असतो, त्याला बर्डकेज म्हणतात, काचेच्या रबरातून पाणी झिरपलं की तो खालून सडतो आणि वरून पेंट मात्र चकाचक. कधी ही गाडी बघायला गेलात तर पायाजवळचे किक पॅनल काढायला सांगा आणि आत टॉर्च मारा, मालक नको म्हणाला तर चहा पिऊन घरी या. आपल्याकडे उजव्या बाजूला काचेच्या खांबाच्या बुडाशी सडलं होतं, तेवढा तुकडा कापून नवीन वेल्ड केलाय आणि त्याचे फोटो फाइलमध्ये ठेवलेत.

डावं पुढचं फेंडर आधीच्या कोणीतरी बदललं होतं. पेंटवरून कळत नव्हतं, पण मागून हात फिरवला की कळायचं: कंपनीचं पॅनल साच्यात दाबलेलं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, आणि हे हाताने थर देऊन केलेलं, आतून खरखरीत, काथ्याच्या पायपुसण्यासारखं. ते काढून दाबलेलंच पॅनल लावलं, सांधे मूळ ठिकाणी, पॅनल मागून जोडणाऱ्या बाँडिंग स्ट्रिपवरच घेतले.

पेंटवरून घरात आणि मित्रांत बरेच वाद झाले. डेटोना ब्लू तर ठरलेलाच होता, पण तेव्हाचा लॅकर की वर पारदर्शक थर देणारा आजचा क्लिअरकोट? क्लिअरकोट सोपा, टिकाऊ, आणि आरशासारखा. तीच अडचण. १९६३ ला गाडी कारखान्यातून आरशासारखी निघत नव्हती, वरचं पॉलिश केलेलं असायचं आणि दाराच्या खाचेत मंद, खाली काळा फवारा कुठेही उडालेला. एनसीआरएस, म्हणजे जुन्या कॉर्व्हेट मूळ रूपात आणणाऱ्यांची अमेरिकन संस्था, तिचे जज हेच बघतात, गाडी सुंदर किती यापेक्षा तेव्हा जशी निघायची तशी आहे का, आणि ९४ टक्के गुण मिळाले तर त्यांचा टॉप फ्लाइट पुरस्कार. म्हणून लॅकर मारला, वर ओला पेपर आणि पॉलिश, दाराच्या खाचा मुद्दाम तशाच सोडल्या. शेजारचे काका दार उघडून म्हणाले, अरे इथे राहिलं बघ तुझं.

आता मुख्य भानगड, इंजिन. गाडीत ३२७ क्युबिक इंचाचं व्ही-८ आहे, ३०० हॉर्सपॉवरवालं, वर कार्टर एएफबी कार्ब्युरेटर, चालतं मस्त. ब्लॉकवर ओततानाच उमटलेला कास्टिंग नंबर ३७८२८७० बरोबर. पण ब्लॉकच्या मागच्या कडेला कास्टिंगची तारीख आहे ए-१४-४, म्हणजे १४ जानेवारी १९६४, आणि गाडी ६३ च्या वसंतातली! गाडीनंतर ओतलेला ब्लॉक गाडीचा ओरिजिनल कसा असेल? शिवाय उजव्या हेडच्या पुढे कारखान्यात इंजिनाचा नंबर ठोकायचे ती जागा सपाट आहे, कधीतरी मशीनिंग करताना नंबर गेला.

इथे तिघांनी तरी सुचवलं की ठोकून घे नंबर, फ्लिंटच्या इंजिन कारखान्याचा एफ, तारीख, शेवटी या इंजिनाचा कोड आरडी आणि पुढे गाडीचा सिरियल, सगळे करतात. करतात हे खरंय. पण जाणकार माणूस तिथे भिंग घेऊन बसतो, कारखान्यात पृष्ठभाग तासताना (ब्रोचिंग) पडलेल्या बारीक समांतर रेघा शोधतो, आणि त्या नसल्या किंवा सँडपेपरने काढलेल्या दिसल्या की बाकी अख्ख्या गाडीवरचा विश्वास उडतो, बर्डकेजचे फोटो दाखवले तरी. आणि मुळात खोटा नंबर खरा म्हणून विकणं ही फसवणूक, त्यात काय चर्चा करायची. त्यामुळे जाहिरातीत सरळ लिहिणार: ब्लॉक १९६४ चा, त्याच कास्टिंग नंबरचा, ओरिजिनल नाही, जागा कोरी. तारखेचा फोटो पहिल्या पाचांत टाकणार, शेवटी लपवून नाही. किंमत यामुळे बरीच खाली येते हे माहितीय, ज्याला मूळ इंजिनच हवंय त्याचा आणि माझा वेळ तरी वाचेल. एकाने विचारलं की बरोबर तारखेचा ब्लॉक शोधून का बसवत नाहीस, तर तो मिळेलही, पण तोही या गाडीचा नसणारच, मग चांगलं चालणारं इंजिन उतरवायचं कशाला.

राहिलेली कामं: टॅकोमीटरची केबल, जी डिस्ट्रिब्युटरवरून येते, ती अडीच हजार आरपीएमच्या वर काटा नाचवते, नवीन मागवलीय. आणि उजवा हेडलाइट अर्धा फिरून थांबतो. प्रत्येक दिव्याला वेगळी मोटर आहे, हाताने फिरवायची मूठ पण आहे, तिने फिरवला तर सुरळीत जातो, म्हणजे अडकण मोटरमध्येच असावी. या शनिवारी खोलतोय, कोणी ही मोटर उघडली असेल तर गिअरला कुठलं ग्रीस वापरलंत ते सांगा.